केनियाचं ‘सात रात्री, चार पार्क’ पॅकेज: घेण्याआधी तास मोजा

केनिया सफारीच्या बहुतेक पॅकेजांचा साचा एकच असतो. नैरोबीत एक रात्र, अंबोसेलीत दोन, नाकुरू आणि नैवाशात एकेक, शेवटी मासाई मारात दोन. माहितीपत्रकावर हत्तींमागे किलिमांजारो, गुलाबी झालेलं तळं आणि नदीत उड्या घेणारे वाइल्डबीस्ट (तिथली गाईसारखी मोठी हरणं) ही तीन छायाचित्रं हमखास. कागदावर सगळं भरगच्च दिसतं आणि घोळ तिथेच आहे. सफारीला जाऊन विकत घ्यायचे असतात ते उघड्या टपाच्या गाडीतले, जाणत्या गाईडबरोबरचे, जनावरं हलती असतानाचे तास. पॅकेज विकतं पार्कांची नावं.

आधी रस्ता मोजू. नैरोबी ते अंबोसेली चार ते पाच तास. अंबोसेलीहून नाकुरूला जाताना पुन्हा नैरोबी ओलांडावी लागते, त्यामुळे सात ते आठ. शहरात अडकलात तर आणखी. नाकुरू-नैवाशा दीड, नैवाशा-मारा पाच, मारा-नैरोबी पाच ते सहा. बेरीज २३ ते २६ तास. आता जंगलातले तास. अंबोसेलीत पोहोचल्या दिवशी संध्याकाळी अडीच आणि दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मिळून सहा-सात, नाकुरूत चार, मारात पहिल्या संध्याकाळी अडीच आणि एक पूर्ण दिवस नऊ. पंचवीसच्या आसपास. म्हणजे जेवढं जंगल तेवढाच हायवे, आणि त्या हायवेवर ट्रक. नैरोबीहून माराकडे जाताना माई माहिऊचा घाट उतरावा लागतो. तिथे एक मालट्रक बंद पडला की पुढच्या गेम ड्राइव्हचा, म्हणजे जनावरं बघायच्या फेरीचा, बळी गेलाच.

चारांपैकी काय ठेवावं? अंबोसेली ठेवावं. जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचं पार्क, पण हत्ती इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे बघायला मिळण्याच्या जागा थोड्या. १९७२ पासून हत्ती-संशोधक सिंथिया मॉस यांच्या चमूने इथल्या कळपांचा अभ्यास चालवला आहे. हत्ती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बघत आलेत. दलदलीतून चरून येताना गाडीच्या पुढून-मागून निघून जातात. किलिमांजारो मात्र टांझानियात आहे आणि दिवसभर ढगात असतो. शिखर दिसतं ते उजाडल्यावर तासभर आणि कधीकधी मावळतीला. म्हणूनच इथे दोन रात्री हव्यात. एकाच रात्रीचा बेत असेल तर एकच सकाळ हाती लागते, आणि ती ढगाळ निघाली की डोंगर फक्त पत्रकावरच बघायचा. धूळ क्षारयुक्त आणि मैद्यासारखी बारीक असते. लेन्स बदलायची ती खोलीत, गाडीत नव्हे.

नाकुरू आता पूर्वीचं राहिलेलं नाही. गेल्या दशकात तळ्याचं पाणी इतकं वाढलं की जुनं मुख्य गेटही पाण्याखाली गेलं. पाणी वाढल्याने खारटपणा उतरला, फ्लेमिंगो ज्या शेवाळावर जगतात ते घटलं, आणि थव्यांचा मोठा भाग उत्तरेला बोगोरियाकडे वगैरे सरकला. पत्रकावरचं गुलाबी तळं बहुधा जुन्या छायाचित्रातलं असतं. गेंडे मात्र इथे खात्रीचे, काळे आणि पांढरे दोन्ही. फक्त गेंड्यासाठी सात-आठ तासांचा रस्ता परवडतो का, एवढंच ठरवायचं. नैवाशा म्हणजे पाणघोडे बघायची तासाभराची बोट आणि क्रेसेंट आयलंडवर पायी फेरफटका. छान आहे, पण त्यासाठी मारातली एक रात्र सोडू नये.

आता मारा, कारण माणसं येतात ती त्यासाठीच. राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटर. ते केनियाच्या राष्ट्रीय वन्यजीव खात्याचं नाही, नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. मारा नदीच्या पश्चिमेचा तुकडा, मारा ट्रँगल, २००१ पासून मारा कन्झर्व्हन्सी नावाची ना-नफा संस्था सांभाळते. तिकडे गाड्या कमी, रस्ते बरे आणि नियमांची अंमलबजावणी कडक. पूर्वेकडचा भाग, म्हणजे सेकेनानी, ओलोलाइमुटिया आणि तालेक ही गेटं, स्वस्त कॅम्पांनी वेढलेला आहे. पॅकेजात नुसतं ‘मासाई मारा कॅम्प’ असं लिहिलं असेल तर तो बहुधा याच पट्ट्यात आणि गेटच्या बाहेर असतो. तंबू चांगला असू शकतो, गरम पाणीही मिळेल. पण सेकेनानीजवळून वाइल्डबीस्ट नदी ओलांडतात त्या क्रॉसिंग पॉइंटपर्यंत पोहोचायला दीड-दोन तास लागतात. सकाळचा थंडावा, जेव्हा सिंह आणि चित्ते अजून हलते असतात, तो या प्रवासात संपतो. म्हणून कोटेशन मागताना कॅम्पचं नाव, तो कोणत्या गेटच्या आत की बाहेर आणि गेटपासून किती मिनिटांवर, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द जिथे दिसतील तिथे थांबावं. बदली कॅम्प त्याच गेटजवळचा असेल, एवढं तरी लिहून मिळालं पाहिजे.

माराच्या फीचा हिशेब २०२४ पासून बदलला आणि जुन्या पॅकेजांच्या वेळापत्रकांना तो अजून झेपलेला नाही. परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं. आत राहिलेल्यांनी निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाची फी. शेवटच्या दिवशी ‘सकाळी गेम ड्राइव्ह, दुपारी जेवण करून प्रस्थान’ असं छापलेलं असेल तर दोनच शक्यता: एकतर ती गेम ड्राइव्ह साडेनऊला गुंडाळली जाईल, नाहीतर गेटवर माणशी २०० डॉलर मागितले जातील. ऑगस्टमध्ये चौघा प्रौढांच्या कुटुंबाला हा ८०० डॉलरचा प्रश्न आहे. तो वाटेतल्या नारोक गावाच्या पुढे गेल्यावर नव्हे, पैसे भरण्याआधी विचारावा. तसंच पोहोचायच्या दिवशी दुपारी चारला गेटमधून आत शिरलात तर दोन तासांसाठी पूर्ण दिवसाची फी जाते. कॅम्प बाहेर असेल तर त्या संध्याकाळी आत न जाता आराम करून दुसऱ्या दिवशी सहाला गेटवर उभं राहणं जास्त शहाणपणाचं. गर्दीच्या महिन्यांत सेकेनानीला तिकिटांसाठी रांग लागते, म्हणून तिकीट आदल्या दिवशीच ऑनलाइन काढून ठेवलंय ना, हे ड्रायव्हरला रात्रीच विचारावं.

गाडीच्या बाबतीत तडजोड करू नये. पॅकेजात दोन प्रकार येतात. एक, टप वर उचलला जाणारी सफारी व्हॅन. दुसरी, तसाच टप असलेली लांबवलेली फोर बाय फोर लँड क्रूझर. दोन्हींत सहा-सात जणांची सोय आणि ‘प्रत्येकाला खिडकी’ हे आश्वासन. कोरड्या दिवशी मुख्य रस्त्यावर व्हॅन चालून जाते. पण मारातली माती आपल्या कपाशीच्या काळ्या मातीसारखीच आहे. एक जोरदार सर आली की चिकट लगदा होतो, चाकं भरतात आणि इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळणारी व्हॅन जागच्या जागी फिरत राहते. ड्रायव्हर मग पक्का रस्ता सोडत नाही, आणि बिबट्या काही पक्क्या रस्त्यावर येत नाही. शिवाय व्हॅन बुटकी. गवत उंच असलं की समोर फक्त गवत.

खिडकीचं आश्वासनही नीट तपासावं. जनावर एका बाजूला असतं तेव्हा सगळे उभे राहून टपातून बघतात. खरी जागा लागते ती उभं राहायला. सात जणांत ती नसते, चौघांत ऐसपैस असते. म्हणून स्वतःचा ४ जणांचा गट जमवून अख्खी गाडी घेणं हा पूर्ण बेतातला सर्वांत फायद्याचा खर्च. गाडीचं दिवसाचं भाडं सहाऐवजी चौघांत वाटलं तर माणशी दीडपट पडतं. बदल्यात थांबायचं कधी आणि निघायचं कधी हे तुम्ही ठरवता. अनोळखी लोकांच्या गाडीत एकाला पक्षी बघायचे असतात, दुसऱ्याला शौचालय गाठायचं असतं आणि तिसऱ्याचे ‘सिंह झाले’ असतात. असल्या गाडीत चित्ता शिकारीच्या तयारीत दिसला तरी तिथे तासभर थांबण्यावर एकमत होत नाही. चित्त्याची शिकार बघायची तर तो तासभर लागतोच.

कोटेशनमध्ये गाडीबद्दल एवढं मागावं: फोर बाय फोर लँड क्रूझर, जास्तीत जास्त किती प्रवासी, आणि तीच गाडी व तोच ड्रायव्हर शेवटपर्यंत राहणार का. लेन्स टेकवायची बीन बॅग आहे का, हेही विचारून ठेवा. नसेल तर कापडी पिशवी रिकामी न्यावी आणि तिथे तांदूळ किंवा डाळ भरावी. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. १०० ते ४०० मिलिमीटरची झूम लेन्स मारात पुरते. दुर्बीण मात्र दोघांत एक नको, माणशी एक हवी, ८ बाय ४२ची.

गाडीनंतर गाईड, किंबहुना तिच्याही आधी. केनियात प्रोफेशनल सफारी गाईड्स असोसिएशन परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे बिल्ले देते. सिल्व्हरवाला गाईड मागण्यात काही गैर नाही. चांगल्या कंपन्यांना हा प्रश्न आवडतो आणि नुसते ड्रायव्हर पुरवणाऱ्यांना नडतो. फरक जंगलात लगेच कळतो. नुसता ड्रायव्हर रेडिओ ऐकतो आणि जिथे वीस गाड्या आहेत तिथे एकविसावी नेऊन लावतो. गाईड हरणांच्या माना कुठे वळल्यात ते बघतो, गाडी उन्हाच्या बाजूने लावतो, इंजिन बंद करतो. इंजिन चालू असेल तर थरथर लेन्सपर्यंत पोहोचते, हे गाईडला सांगावं लागत नाही. त्याला पहिल्या दिवशीच स्वच्छ सांगावं की पाच मोठे प्राणी (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) टिपून काढायची घाई नाही. बरेचसे ड्रायव्हर पर्यटकांच्या यादीच्या धाकात असतात. तो धाक काढला की ते निवांत दाखवायला लागतात.

सुटायची वेळही बोलून घ्यावी. कॅम्पचा शिरस्ता असा की साडेसहाला न्याहारी, साडेसातला गाडी. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो, म्हणजे न्याहारी आटपेपर्यंत सगळ्यात चांगला तास उलटलेला असतो. सहाला चहा घेऊन निघायचं आणि न्याहारी डब्यात न्यायची, हे आदल्या रात्री कॅम्पला सांगितलं की होतं. शाकाहारी जेवणाची कॅम्पांना सवय आहे, पण या डब्यात सांगितल्याशिवाय उकडलेलं अंडं आणि कोंबडीचा तुकडा येतो. जैन जेवण असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी द्यावं.

राखीव क्षेत्राला लागून ज्या कन्झर्व्हन्सी, म्हणजे खाजगी जमिनीवरची वन्यजीव क्षेत्रं, आहेत, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ वगैरे, त्यांचा उल्लेख स्वस्त पॅकेजात सापडत नाही. ही जमीन मासाई कुटुंबांची. कॅम्पवाले ती भाड्याने घेतात आणि दर महिन्याला जमीनमालकांना पैसे मिळतात. तिथल्या कॅम्पात राहणाऱ्यांनाच आत प्रवेश, त्यामुळे एका सिंहाभोवती चार-पाचांपेक्षा जास्त गाड्या नसतात. राखीव क्षेत्रात ज्याला बंदी आहे ते इथे चालतं: रस्ता सोडून गाडी नेणं, रात्रीची गेम ड्राइव्ह, गाईडबरोबर पायी फिरणं. कन्झर्व्हन्सीत राहून एखाद्या दिवशी राखीव क्षेत्राची फी भरून आत जाता येतं; उलट मात्र जमत नाही. दर महाग आहेत यात वाद नाही. पण त्यात गाडी, गाईड, जेवण आणि बहुतेक वेळा कन्झर्व्हन्सीची फीही धरलेली असते (‘बहुतेक’ म्हणजे विचारून घ्यायचं). ऑगस्टमध्ये चार दिवसांपैकी दोनच दिवस राखीव क्षेत्रात घालवले तर माणशी ४०० डॉलर फी वाचते. तफावत वाटते तेवढी राहत नाही.

कधी जावं, यावर पत्रकं एकमुखाने जुलै ते ऑक्टोबर सांगतात. वाइल्डबीस्टचे कळप साधारण जुलैच्या उत्तरार्धात सेरेंगेटीतून मारात येतात आणि ऑक्टोबरपर्यंत राहतात, हे खरं. मात्र नदी ओलांडण्याला वेळापत्रक नसतं. हजारोंचा कळप काठावर जमतो, तीन तास उभा राहतो आणि माघारी फिरतो. गाड्या काठाला भिडल्या की तो हमखास फिरतो. म्हणूनच कळप पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी मागे थांबायचा नियम आहे. दोन रात्रींत क्रॉसिंग दिसेल अशी हमी देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. त्यासाठी नदीजवळ निदान तीन पूर्ण दिवस हवेत, आणि तरीही तो योगच. क्रॉसिंगचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी मारासाठी उत्तम: हवा कोरडी, मांजरकुळातले प्राणी तेच, गाड्या कमी, फी निम्मी. त्याच महिन्यांत कळप दक्षिण सेरेंगेटीत न्दुतूच्या गवताळ भागात वितात. त्यासाठी मग टांझानियाच बघावा. मार्चअखेर ते मे मोठा पाऊस, तेव्हा काळ्या मातीशी झुंज.

टांझानिया याच आठ दिवसांत कोंबू नये. मारा आणि सेरेंगेटी नकाशावर चिकटलेले आहेत, पण पर्यटकांना मधून थेट ओलांडता येत नाही. इसेबानियाला सीमा पार करायची, केनियाची गाडी सोडून टांझानियाची घ्यायची, आणि पूर्ण दिवस गेला. वर व्हिसा वेगळा आणि न्गोरोन्गोरोच्या विवरात उतरायची गाडीमागे सुमारे २९५ डॉलर फी वेगळी.

सात रात्री नीट वापरायच्या तर: अंबोसेली दोन, मारा चार, शेवटी नैरोबीत एक. मारातल्या चारपैकी दोन ट्रँगलमध्ये किंवा नदीजवळ, दोन कन्झर्व्हन्सीत. नैरोबी ते अंबोसेली गाडीने जावं, तिथून नैरोबीच्या विल्सन विमानतळामार्गे माराला उडावं आणि परतही उडत यावं. रस्त्याचे तास पंचवीसवरून पाच-सहावर येतात. विल्सनहून मारातल्या धावपट्ट्या पाऊण तासावर. विमान वाटेत दोन-तीन ठिकाणी उतरत गेलं तर दीड तास. विमानाचं तिकीट महाग वाटतं, पण दोन पार्कांची फी आणि दोन हॉटेलं वगळल्यावर वाढ पत्रकावरच्या किमतीच्या मानाने आटोक्यात राहते. शेवटच्या दिवशीच परदेशाचं विमान पकडायचं असेल तर विल्सनला उतरणं आणि ते विमान यांत निदान पाच तास ठेवावेत. दोन्ही विमानतळ वेगळे आहेत आणि मध्ये नैरोबीची वाहतूक आहे.

या छोट्या विमानांत माणशी १५ किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सूटकेस डब्यात बसतच नाही. ती नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जावं लागतं. कपडे खाकी-मातकट हवेत, सकाळसाठी जाड जॅकेट हवंच. मारा साधारण १,५०० मीटरच्या वर आहे आणि पहाटे उघड्या टपातून वारा अंगात शिरतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, त्यात विमानतळावरच्या खरेदीची पिशवीही आली; पार्कांत एकदाच वापरायच्या बाटल्या २०२० पासून बंद. प्लग ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे, आणि बऱ्याच कॅम्पांत वीज ठरावीक तासच असते, म्हणून बॅटऱ्या दुप्पट न्याव्यात.

कागदपत्रांत सर्वांत जास्त चुकतं ते पिवळ्या तापाच्या लशीचं. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. जाताना कुणी विचारो न विचारो, केनियाहून भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस एकदाच, प्रमाणपत्र आजन्म चालतं. साठीच्या पुढचे आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून: ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस घ्यायची असते, डॉक्सीसायक्लिन चार आठवडे, आणि बहुतेकजण घरी आल्यावर ती मध्येच सोडतात. केनियात २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, आहे. मूळ फी ३० डॉलर. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या साइट दुप्पट घेतात, तेव्हा पत्ता नीट बघून भरावा.

पैसे पाठवण्याआधी स्थानिक कंपनीकडे टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचा परवाना आहे का आणि ती केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सदस्य आहे का, दोन्ही बघावं. कोटेशनमध्ये पार्क फी, कन्झर्व्हन्सी फी, देशांतर्गत विमान आणि एएमआरईएफ फ्लाइंग डॉक्टर्सची रुग्णविमानाची सोय या ओळी सुट्या दिसल्या पाहिजेत. ‘सर्व समाविष्ट’ या एका ओळीत टिप नसते. गाईडला माणशी दिवसाला १० डॉलरच्या आसपास देतात, कॅम्पच्या सामायिक पेटीत वेगळे. त्यासाठी सुट्या डॉलरच्या नोटा न्याव्यात, २०१३ नंतरच्या मालिकेतल्या आणि न फाटलेल्या; जुन्या छपाईच्या नोटा तिथे बदलून मिळत नाहीत.